आवड, सवड आणि विषयाची निवड

बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की मराठवाड्यातील मध्यमवर्गीय घरांत एक प्रश्न दरवर्षी न चुकता उभा राहतो : पुढे काय? एके काळी या प्रश्नाची उत्तरे मोजकी होती. डी.एड., बी.एड., तलाठ्याची परीक्षा, बँकेची परीक्षा आणि गुण चांगले असतील तर इंजिनिअरिंग किंवा मेडिकल. छत्रपती संभाजीनगरातील अभ्यासिका आजही पहाटेपासून रात्रीपर्यंत याच उत्तरांच्या मागे लागलेल्या मुलामुलींनी भरलेल्या असतात. परंतु गेल्या काही वर्षांत त्या यादीत एका नव्या उत्तराची भर पडली आहे. 'चॅनेल काढतो', असे मुलगा जेवताना सांगतो आणि घरातील वडील मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात.

या उत्तरावर घरात साधारणतः दोन प्रतिक्रिया उमटतात. एक तुच्छतेची : मोबाईलपुढे नाचून कोणाचे पोट भरले आहे काय? दुसरी लोभाची : अमक्याच्या मुलाला म्हणे महिन्याला लाखभर मिळतात, मग आपल्या मुलाला का मिळू नयेत? वरवर या दोन प्रतिक्रिया परस्परविरुद्ध दिसतात. वस्तुतः त्या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. दोन्हींत प्रश्न पैशाचाच आहे. चॅनेल कशाबद्दल असणार, ते काढणाऱ्याला त्यातले काय ठाऊक आहे, आणि पाच वर्षांनीही तो त्याच विषयावर उत्साहाने बोलू शकेल काय, हे कोणीच विचारीत नाही. प्रत्यक्षात सारे काही याच प्रश्नावर अवलंबून आहे.

शब्द नवा असला तरी काम नवे नाही. ज्याला आज 'कंटेंट क्रिएटर' म्हणतात, तो काही सांगू पाहणारा आणि ऐकणारे शोधणारा माणूस आहे. कीर्तनकार, शाहीर, मासिकाचा संपादक आणि एकपात्री प्रयोग करणारा नट हे सारे याच जातकुळीचे. साधन बदलले. फडाच्या जागी पडदा आला आणि पडद्याच्या जागी हातात मावणारी काच आली. तथापि, 'सांगण्याजोगे तुझ्याजवळ काय आहे?' हा श्रोत्यांचा प्रश्न मात्र बदललेला नाही.

बाजाराचे गणित

आज विषयाची निवड कशी होते ते पाहावे. नवशिक्या तरुणाला मिळणारा पहिला सल्ला असतो तो 'जे चालते ते कर' असा. मग तो काय चालते ते पाहू लागतो. शेअर बाजाराचे सल्ले चालतात, मोबाईलच्या नव्या मॉडेलची परीक्षणे चालतात, यशाची दहा सूत्रे सांगणारी भाषणे चालतात, कोणाची तरी खोडी काढणारे विनोद चालतात. जाहिरातदार अर्थव्यवहाराच्या विषयाला अधिक दर देतात असेही त्याच्या कानावर आलेले असते. म्हणून ज्याने कधी बँकेचे पासबुकही धड वाचलेले नाही असा एकवीस वर्षांचा मुलगा गुंतवणूक कोठे करावी ते महाराष्ट्राला सांगू लागतो.

या गणितातील चूक नीतीची आहे असे कोणी म्हणेल. ती तर आहेच. परंतु ती आधी हिशेबाची आहे. यूट्यूबवर जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी चॅनेलचे किमान १,००० वर्गणीदार असावे लागतात, आणि मागील बारा महिन्यांत प्रेक्षकांनी ४,००० तास ते पाहिलेले असावे लागते. किंवा नव्वद दिवसांत लहान व्हिडिओ एक कोटी वेळा पाहिले गेलेले असावे लागतात. त्यानंतर लांब व्हिडिओंवरील जाहिरातींच्या उत्पन्नातील ५५ टक्के निर्मात्याच्या पदरात पडतात. म्हणजे पहिला रुपया दिसण्यापूर्वी चार हजार तासांची मजल मारावयाची असते. दहा मिनिटांचा एक व्हिडिओ प्रत्येकाने अगदी शेवटपर्यंत पाहिला असे धरले, तरी ही मजल गाठण्यास तो चोवीस हजार वेळा पाहिला जावा लागतो. प्रेक्षक मात्र सहसा शेवटपर्यंत थांबत नाहीत.

ही मजल बहुधा महिने, पुष्कळदा वर्षे घेते. त्या काळात पैसा नसतो, कौतुक नसते, आणि पाहणारे म्हणजे चुलतभाऊ, दोन वर्गमित्र आणि एखादा चुकून आलेला प्रवासी. केवळ चालते म्हणून उसना घेतलेला विषय या कोरड्या काळात माणसाला तग धरू देत नाही. सहाव्या आठवड्यात कंटाळा येतो, दहाव्यात विषय बदलतो, विसाव्यात चॅनेल ओस पडते. बाजार पाहून पेरणी करणाऱ्या शेतकऱ्याची गत मराठवाड्याला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. गेल्या वर्षी ज्या पिकाला भाव होता तेच सर्वांनी पेरले की यंदा त्याचे काय होते, हे लासूर स्टेशनच्या कांद्याला विचारावे.

त्यात या बाजाराची जमीन स्वतःच्या मालकीची नाही. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, आणि त्या एका संध्याकाळी देशातील असंख्य तरुणांचा गोळा केलेला प्रेक्षकवर्ग नाहीसा झाला. दुसऱ्याच्या गाण्यावर ओठ हालविणे एवढेच ज्याचे भांडवल होते, त्याला नव्या ठिकाणी पुन्हा शून्यापासून आरंभ करावा लागला आणि शून्यापाशी नेण्यासारखे त्याच्याजवळ काही नव्हते. ज्याच्याजवळ विषय होता, त्याने तो उचलला आणि दुसऱ्या जागी मांडला. मंच दुसऱ्याचा असतो. विषय तेवढा आपला असतो.

या शहराची साक्ष

विषय आपला असला म्हणजे काय घडते, याची साक्ष देण्यास या शहराला दूर जाण्याचे कारण नाही. येथील विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातील प्राध्यापक डॉ. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा एकपात्री प्रयोग उभा केला. रंगमंचावर एकटा माणूस, बावन्न व्यक्तिरेखा आणि मराठवाड्यातील खेड्याची बोली. त्या काळी व्यावसायिक रंगभूमीचे केंद्र मुंबई-पुणे होते आणि प्रमाण मराठीपासून दूर असलेली ही बोली शहरी नाटकांत बहुधा नोकराच्या किंवा गड्याच्या तोंडी, हशा पिकविण्यापुरती येई. बाजाराचा सल्ला घेतला असता तर देशपांड्यांनी हा विषय हाती घेण्याचे कारण नव्हते. त्यांनी तो घेतला, कारण त्या बोलीतील प्रत्येक हेलकावा आणि गावकीतील प्रत्येक रुसवाफुगवा त्यांच्या कानांत मुरलेला होता. पुढे हा प्रयोग देशात आणि परदेशांतही गाजला, त्याची गिनेस बुकात नोंद झाली, आणि २००९ मध्ये देशपांड्यांचे निधन झाल्यावर संदीप पाठक यांनी तो रंगभूमीवर चालू ठेवला. माणूस गेला तरी विषय टिकला.

दुसरी साक्ष नागसेनवनातील आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापिलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय येथे १९५० मध्ये सुरू झाले आणि पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने विख्यात झाले. त्याच वातावरणातून १९६०च्या दशकाच्या अखेरीस 'अस्मितादर्श' हे त्रैमासिक निघाले आणि डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ते जवळजवळ अर्धे शतक चालविले. दलितांचे साहित्य हा त्याचा विषय. त्या वेळी या विषयाला वाचक किती आहेत, जाहिराती मिळतील काय, असा हिशेब कोणी मांडला असता तर पहिला अंकही निघाला नसता. वाचकवर्ग तयार नव्हता. अंकाने तो तयार केला. ज्यांचे लिखाण अन्यत्र साभार परत येई, अशा लेखकांना त्याने जागा दिली, लेखक-वाचक मेळावे भरविले, आणि आज मराठी साहित्याचा इतिहास या त्रैमासिकाचे नाव घेतल्यावाचून लिहिता येत नाही. २०१८ साली पानतावणे यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांचे निधन झाले. सन्मान आला तो असा, पन्नास वर्षांच्या कामानंतर.

या दोन उदाहरणांत एक गोष्ट समान आहे आणि ती पालकांनी विशेष ध्यानात घ्यावी. देशपांडे प्राध्यापक होते. पानतावणेही प्राध्यापक होते. दोघांनीही विषयाला पोटाच्या ओझ्याखाली दडपले नाही. घर नोकरीवर चालत होते म्हणून विषयाला लवकर पिकण्याची घाई नव्हती. नोकरी सोडून चॅनेल काढण्याचा सल्ला देणारे जे लोक आज पडद्यावर दिसतात, त्यांपैकी बहुतेकांचे चॅनेल त्या सल्ल्यावरच चालते हे विसरू नये.

हौस, आवड आणि नाद

आता कोणी म्हणेल, आवडीचा विषय घ्यावा हे तर सारेच सांगतात. त्यात नवे काय? नवे नाही, परंतु आवड या शब्दाची आपण फार स्वस्तात वासलात लावतो. मराठीत यासाठी तीन शब्द आहेत आणि तिन्हींचे वजन वेगळे आहे. हौस फिटते. नाद लागतो आणि पुष्कळदा बुडवितो. आवड मात्र वाढते. तिला जितके खाऊ घालावे तितकी तिची भूक वाढते. क्रिकेट पाहण्याची हौस लक्षावधींना असते. पण एखादा गोलंदाज जुना चेंडू कसा धरतो हे पाहण्यासाठी तेच षटक दहा वेळा पाहणारा विरळा. चॅनेल काढण्यास योग्य तो हा दुसरा माणूस.

आवड असली की सवड होते, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण उलट दिशेनेही वाचून पाहावी. ज्या गोष्टीसाठी आजवर, कोणी न सांगता, सवड काढली गेली तीच खरी आवड. 'तुला काय आवडते?' असे विचारले तर तरुण माणूस बहुधा जे आवडावे असे त्याला वाटते ते सांगतो. त्याऐवजी त्याने मागील दोन वर्षांचा आपला रिकामा वेळ तपासावा. कोणती पुस्तके पुन्हा काढली? कशासाठी पदरमोड केली? कोणत्या विषयावर कोणी चुकीचे बोलले की राहवत नाही आणि मध्ये बोलले जाते? मित्र काय विचारण्यासाठी घरी येतात? हा हिशेब सहसा खोटे बोलत नाही.

दुसरी कसोटी प्रश्नांची आहे. ज्या विषयावर चॅनेल काढावयाचे त्यावरचे तीस प्रश्न एका बैठकीत कागदावर उतरवून पाहावेत. उत्तरे ठाऊक असलेले नव्हेत, तर उत्तरे शोधावीशी वाटणारे. दहाव्या प्रश्नाशी लेखणी अडखळली तर ती हौस होती असे समजावे. तिसरी कसोटी कंटाळ्याची. प्रत्येक विषयाला एक रुक्ष अंग असते. पक्षी पाहणाऱ्याला थंडीत पहाटे तासन्‌तास बसावे लागते आणि नोंदी ठेवाव्या लागतात. इतिहास सांगणाऱ्याला मोडी आणि फारसीशी झुंजावे लागते. पाककृती सांगणाऱ्याला एकच पदार्थ चार वेळा बिघडवावा लागतो. हे रुक्ष अंगही ज्याला सोसते, किंबहुना हळूहळू गोड वाटू लागते, त्याचा विषय बरोबर निवडला गेला आहे.

या कसोटीला उतरलेल्या माणसाचे नाव अजिंठ्याच्या संदर्भात घेतलेच पाहिजे. वॉल्टर स्पिंक हे अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक. १९५०च्या दशकापासून २०१९ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्यांचा मुख्य विषय एकच राहिला : अजिंठ्याची लेणी. वाघुर नदीच्या त्या एका वळणावरील तीस लेण्यांत दाराच्या बिजागरीची खोबण कशी बदलत गेली, कोणते काम मध्येच का थांबले, अशा बारीक खुणांवरून त्यांनी मांडले की, महायान काळातील बहुतेक लेणी वाकाटक राजा हरिषेणाच्या वेळी, इसवी सन ४६०च्या सुमारास आरंभ होऊन अवघ्या वीस वर्षांच्या आसपास घडली. सारे विद्वान त्यांच्याशी सहमत नाहीत. परंतु असहमत होण्यासाठीही त्यांचे ग्रंथ उघडावे लागतात. आयुष्यभर एकाच दरीकडे पाहूनही विषय संपला नाही, हे ध्यानात घ्यावे. 'एकाच विषयावर सारखे काय सांगणार?' असे विचारणाऱ्या तरुणाला यापेक्षा चांगले उत्तर देता येणार नाही.

ज्यांना आवडच नाही

येथे एक रास्त आक्षेप येतो. आवड ही सुखवस्तू घरांतील चैन नव्हे काय? ज्या मुलाचे बालपण शाळा, शिकवणी आणि घरची कामे यांत सरले, त्याला आवड लागायला वेळ मिळाला कधी? तो म्हणतो, 'मला विशेष असे काहीच आवडत नाही', आणि तो खोटे बोलत नसतो.

त्याचेही उत्तर अजिंठ्यातच सापडते. रॉबर्ट गिल हा मद्रासच्या सैन्यातील अधिकारी. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्याची नेमणूक केली. म्हणजे तो येथे आला तो हुकुमावरून. तेथे त्याने वर्षानुवर्षे मोठमोठ्या नकला केल्या, पुढे कॅमेरा हाती घेऊन लेण्यांची छायाचित्रेही काढली. लंडनला पाठविलेल्या त्याच्या चित्रांपैकी बहुतेक १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. वीस वर्षांच्या श्रमांची राख झाल्यावर एखादा माणूस मायदेशी परतला असता. गिलने पुन्हा कुंचला हाती घेतला, आणि १८७९ मध्ये मृत्यू आला तेव्हाही तो याच मुलखात होता. सोपविलेल्या कामातून आवड उत्पन्न होऊ शकते, एवढाच याचा अर्थ. आवड आकाशातून पडत नाही. एखाद्या गोष्टीकडे पुरेसा वेळ लक्ष देऊन पाहिले की ती रुजते.

हे लक्षात घेतले तर शिक्षक आणि कारकून यांच्यासारख्या माणसांना आपल्याजवळ काही नाही असे म्हणता येणार नाही. वीस वर्षे पाचवीला गणित शिकविलेल्या गुरुजींना अपूर्णांकांची बेरीज करताना मूल नेमके कोठे अडते, हे कोणत्याही नामांकित शिकवणीवाल्यापेक्षा अधिक ठाऊक असते. तहसील कचेरीत आयुष्य घालविलेल्या अव्वल कारकुनाला फेरफाराची नोंद कशामुळे अडकते, वारसाची नोंद करताना कोणता कागद लोक विसरतात, सातबारा आणि आठ-अ यांत काय फरक आहे, हे तोंडपाठ असते. या ज्ञानाच्या अभावी खेड्यातील माणूस कचेरीच्या चार-चार खेपा घालतो आणि दलालाच्या हाती पैसे ठेवतो. हे साध्या मराठीत, पाच मिनिटांत सांगणारा निवृत्त कारकून हा यशाची दहा सूत्रे सांगणाऱ्या शंभर वक्त्यांहून समाजाच्या अधिक उपयोगाचा आहे. तो आपले ज्ञान क्षुल्लक मानतो, हीच खरी अडचण.

शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासार येथील सुमन धामणे यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. शाळेत न गेलेल्या या आजींनी नातवाच्या मदतीने 'आपली आजी' हे चॅनेल सुरू केले आणि २०२० मध्ये त्या घरोघरी पोहोचल्या. पुढे त्यांचे वर्गणीदार दहा लाखांवर गेले. कॅमेऱ्याची सवय नव्हती, इंग्रजी शब्द नवे होते, मध्यंतरी चॅनेल कोणी पळविले आणि ते परत मिळवावे लागले. परंतु कारल्याची भाजी कशी करावी, घरचा मसाला कोणत्या क्रमाने भाजावा, हे त्यांना कोणाकडून उसने घ्यावे लागले नाही. आयुष्यभर जे केले तेच त्यांनी सांगितले. तंत्र नातवाने शिकून घेतले. विषय आजीजवळ होता. तंत्र चार महिन्यांत शिकता येते, विषयाला चाळीस वर्षे लागतात. आपल्याकडील बहुतेक तरुण याच्या उलट क्रमाने निघतात : आधी कॅमेरा हप्त्यांवर घेतात आणि मग काय दाखवावे याचा विचार करतात.

काखेत कळसा

आवड ओळखली म्हणजे काम संपले असेही नाही. तिला आकार द्यावा लागतो. 'इतिहास' हा विषय नव्हे. तो समुद्र आहे. 'शेती' हाही विषय नव्हे. परंतु सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने या शहरासाठी बांधलेली नहर, तिचे भूमिगत मार्ग आणि आज त्यांची झालेली अवस्था, हा विषय आहे. मोसंबीच्या आंबे बहारासाठी बागेला ताण किती दिवस द्यावा, आणि पाऊस अवेळी आला तर काय करावे, हा विषय आहे. रेशीम आणि सूत यांच्या मिलाफातून विणला जाणारा हिमरू आणि तो विणणारे उरलेसुरले हात, पैठणीच्या पदरावरचा मोर, नाथसागरावर हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी, वली आणि सिराज या कवींची दखनी बोली : काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी येथील तरुणांची स्थिती आहे. मुंबईच्या तरुणाने केलेल्या व्हिडिओची नक्कल करण्यात तो मुंबईच्या तरुणापेक्षा नेहमीच मागे राहणार. नहरीच्या बाबतीत मात्र मुंबईच्या तरुणाला त्याच्याकडे यावे लागेल.

येथे एका धोक्याची जाणीव देणे अगत्याचे आहे. या शहराला इतिहास पुष्कळ आहे, आणि म्हणूनच इतिहासाच्या नावाखाली राग विकण्याचा धंदा येथे सहज बसतो. ज्याला इतिहासाची आवड आहे तो साधने धुंडाळतो, सनावळी ताडून पाहतो, आणि आपल्याला न रुचणारा पुरावा निघाला तर तोही मांडतो. ज्याला केवळ गर्दी हवी आहे तो एकच वाक्य चढ्या आवाजात सांगतो. दोघांच्याही चॅनेलवर 'इतिहास' अशीच पाटी असते. फरक ओळखण्याची खूण सोपी आहे : खरी आवड माणसाला सत्याशी बांधून घेते, कारण ज्यावर जीव आहे त्याबद्दल खोटे बोलवत नाही.

पैशाचे काय, हा प्रश्न शेवटी उरतोच, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. आवडीचा विषय निवडला म्हणजे लक्ष्मी मागोमाग येते, असे आश्वासन कोणी देऊ नये. हिमरूवर निष्ठेने वर्षभर काम करणाऱ्याला पाचशे प्रेक्षक मिळतील आणि खोडी काढणाऱ्याला पाच लाख, असे घडेल, नित्य घडते. विषय दुसऱ्या कोणाच्या तरी गरजेचा नसेल तर तो एकट्याचा छंद राहील, आणि त्यात लाज नाही. परंतु दोघांच्या हाती तीन वर्षांनी काय उरले, हेही पाहिले पाहिजे. चॅनेल बुडाले तर खोडी काढणाऱ्याजवळ काहीच राहत नाही. हिमरूचा अभ्यास करणाऱ्याजवळ विणकरांच्या ओळखी, नमुन्यांचा संग्रह आणि एका विषयावरील अधिकार राहतो. त्यातून लेख निघतो, पुस्तक निघते, संग्रहालयातील वा पर्यटनातील काम निघते, आणि काही न निघाले तरी माणूस पूर्वीपेक्षा अधिक जाणता झालेला असतो. उसन्या विषयातील अपयश हे निव्वळ अपयश असते. स्वतःच्या विषयातील अपयशात शिक्षण जमा असते. ज्या घराला तीन वर्षे वाया घालविणे परवडणारे नाही, त्या घराने तर हा फरक अधिकच काळजीपूर्वक पाहावा.

म्हणून मुलाने चॅनेलची गोष्ट काढली तर वडिलांनी हेटाळणी करू नये आणि हुरळूनही जाऊ नये. त्यांनी त्याला तीस प्रश्नांचा कागद मागावा. महाविद्यालयांनीही रील कशी बनवावी याची शिबिरे भरविण्यापूर्वी ग्रंथालयाची दारे सायंकाळी उशिरापर्यंत उघडी ठेवावीत, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या गावातील एका गोष्टीची, मग ती विहीर असो, जत्रा असो की बोलीतील शंभर शब्द असोत, वर्षभर नोंद करण्यास सांगावे. त्यातील बहुतेक नोंदी वहीतच राहतील. काही थोड्यांना मात्र ती नोंद पुरी झाल्यावरही थांबवत नाही, असे आढळून येईल. विषय निवडण्याची गरज मग त्यांना उरणार नाही. पडद्यावर यावे की कागदावर, एवढेच त्यांना ठरवावे लागेल.